अधिक महिना आणि आफ्रिका

ही गोष्ट ज्या वर्षी श्रावण दोनदा आला त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीस सालची. नीट सांगायचं तर तिची सुरुवात आदल्या वर्षीच्या कोजागरीला झाली. पण कोजागरीच्या सुमारास माणसं जरा हवेतच असतात, त्या दिवसांत ठरलेल्या गोष्टी खऱ्या धरायच्या नसतात, म्हणून ते वर्ष सोडून देऊ.

तर त्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दिवेआगरला पद्माबाई उरलेलं मसाला दूध गाळत होत्या आणि भाऊ ओटीवर सुपाऱ्या निवडत बसले होते. पद्माबाई म्हणजे शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. भाऊ त्यांचे यजमान. नारळी-पोफळीची वाडी सांभाळणं हा भाऊंचा व्यवसाय आणि कॅलेंडर न बघता कुठलीही तिथी सांगणं हा त्यांचा अभिमान. अर्ध्या गावाच्या एकादश्या भाऊंना विचारून होत.

“अहो,” पद्माबाई म्हणाल्या, “मला आफ्रिकेला जायचंय.”

भाऊंनी हातातली सुपारी कानाशी नेऊन हलवली. आतून वाजली, म्हणजे वाळली होती. ती ढिगात टाकून ते म्हणाले, “कधी?”

बेचाळीस वर्षांच्या संसारात भाऊंनी ‘का’ असं कधी विचारलं नव्हतं आणि ‘चला’ असंही कधी म्हटलं नव्हतं. ‘कधी’ हा त्यांचा आवडता शब्द, कारण त्याच्यापुढे तिथी काढावी लागते.

‘का’ विचारलं असतं तर पद्माबाईंकडे उत्तर होतं. तिकडच्या गवताळ प्रदेशात वाइल्डबीस्ट नावाचं जनावर असतं. अंग गाईचं, शेपूट घोड्याचं, दाढी बोकडाची. देवाने उरलंसुरलं सामान वापरून केल्यासारखं. अशी लाखो जनावरं दरवर्षी गवताच्या शोधात शेकडो मैल चालतात, आणि वाटेत सुसरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. पद्माबाई डोळे मिटून फळ्यावर आफ्रिका काढत आणि रंगीत खडूने तिच्यात तो बाण ओढत. एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही बघितलंय?” बाईंनी तिला गप्प बसवलं. ती मुलगी आता आजी झाली असेल. पण तिचा प्रश्न तिसऱ्या बाकावरून उठायला तयार नव्हता.

माणगावच्या बाजारात हेतल नावाची मुलगी वडिलांच्या भांड्यांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात सहलींची तिकिटं काढून द्यायची. प्रेशर कुकरांच्या उतरंडीमागे तिचा संगणक होता. तिने चौकशी करून सांगितलं की मुंबईची एक कंपनी पुढच्या वर्षी सतरा सप्टेंबरला वीस जणांना घेऊन निघते आहे.

“पद्माबेन, नदी बघायची तर हाच टाइम. पण आगाऊ रक्कम परत नाही मिळणार हां. तारीख बरोबर बघून घ्या.”

“तारीख मी बघतो,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. भाऊ डोळे मिटून हिशेब करत तेव्हा समोरचा माणूस आपोआप हात जोडत असे. हेतलनेही जोडले. “यंदा गणपती एकतीस ऑगस्टला झाले. दरवर्षी अकरा दिवस अलीकडे. म्हणजे पुढल्या वर्षी वीस ऑगस्ट. मग पितृपक्ष, तो सप्टेंबरच्या मध्यावर संपला. नवरात्र आमच्याकडे बसत नाही. सतराला आम्ही मोकळे.”

हिशेब सुरेख होता. फक्त त्यात एक महिना कमी होता. हे अकरा-अकरा दिवस साठत गेले की दर तीनेक वर्षांनी पंचांग एक अधिक महिना घालून सगळं पुन्हा जागेवर आणतं, आणि त्या वर्षी गणपती एकदम पुढे सरकतात. भाऊंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आधीचा अधिक महिना आला होता तो टाळेबंदीच्या वर्षी. तेव्हा कुणाचा जावई आला नाही, कुणी तेहेतीस अनारसे तळले नाहीत, कुणी दीपदान केलं नाही. अनारशांशिवाय आलेला अधिक महिना भाऊंच्या लक्षातून निसटला, आणि निसटला तो निसटलाच.

इकडे पासपोर्टचं काम निघालं. पासपोर्ट कचेरीच्या खिडकीवर भाऊंची दहाही बोटं पहिल्या फटक्यात उमटली. पद्माबाईंची मात्र एकही उमटेना. चाळीस वर्षं नारळ खवून आणि सुपाऱ्या सोलून त्यांच्या बोटांवरच्या रेषा नाहीशा झाल्या होत्या.

“आजी, बोटं घट्ट दाबा,” खिडकीवरची मुलगी म्हणाली.

“दाबलीत.”

“मशीन म्हणतंय, बोट ठेवलेलंच नाही.”

पद्माबाईंना हे फार लागलं. ज्या बोटांनी दोन पिढ्यांना जग दाखवलं ती बोटं जगात नाहीत, असं एक यंत्र सांगत होतं. त्या दिवशी परत यावं लागलं. बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. शेजारचे चांगदेव एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जगातला प्रत्येक प्रश्न हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे असं त्यांचं मत. त्यांनी तांदळाच्या धुवणात बोटं बुडवायला सांगितली, कुणी लोणी सांगितलं, कुणी म्हणालं महिनाभर कामच करू नका. हा शेवटचा सल्ला सगळ्यात शास्त्रीय होता आणि तो कुणीच मनावर घेतला नाही. पुढच्या खेपेला पद्माबाई बोटांना खोबरेल चोळून गेल्या आणि यंत्राने निदान अंगठे कबूल केले.

मग चौकशीला पोलीस आला. तो निघाला काळूराम, त्यांचाच विद्यार्थी. हवालदार झाला होता, पोट सुटलं होतं, पण ओटीवर पाऊल ठेवताच त्याने टोपी काढून हातात घेतली आणि बाई बस म्हणाल्या तरी तो उभाच राहिला.

“बाई, विचारावं लागतंय. तुमच्यावर काय गुन्हा वगैरे हाय का?”

“तुला दोनदा नापास केलं होतं. तो धरायचा असेल तर धर.”

“न्हाय बाई, तो माझाच गुन्हा व्हता,” काळूराम म्हणाला आणि त्याने चहा उभ्यानेच संपवला.

पासपोर्ट आले त्याच आठवड्यात बँकेकडून नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. भाऊंनी ते सहज चाळलं आणि मग दोन दिवस त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हसळ्याला जाऊन दुसरं कॅलेंडर घेऊन आले. चौथ्या दिवशी तिसरं. पद्माबाईंना वाटलं, माणूस प्रवासाच्या तयारीला लागला. आठवड्याने पडवी झाडताना सुपारीच्या पोत्याखाली तिन्ही कॅलेंडरं सापडली. तिन्हींच्या सप्टेंबरच्या पानावर एकोणीस तारखेला गणपतीचं चित्र होतं, आणि तिन्हींवर भाऊंनी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘छपाईची चूक?’

पद्माबाईंनी तिन्ही कॅलेंडरं ओटीवर ओळीने मांडून ठेवली आणि त्या आत जाऊन कांदे चिरू लागल्या. भाऊ वाडीतून आले, कॅलेंडरं बघून उंबऱ्यातच थांबले.

“अधिक आला,” ते हळूच म्हणाले.

“दिसला.”

“श्रावणच दोनदा आहे.”

“आणि सतराला आपण विमानात आहोत,” पद्माबाई म्हणाल्या. “एकोणीसला गणपती येतील. कुलूप बघून काय करतील?”

ज्यांना किनाऱ्याची माहिती नाही त्यांना सांगायला हवं की त्या घरात गणपती चुकणं ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. पुरात आले, प्लेगात आले, टाळेबंदीतही आले. गणपती पाच दिवस, आणि त्यात खड्यांची गौर. पाणवठ्यावरून सात खडे तोंडातून शब्द न काढता आणायचे, त्यांची पूजा करायची, जेवू घालायचं आणि निरोप द्यायचा.

चांगदेव तासाभरात हजर झाले. “सोपं आहे. गणपती आधी बसवून टाका. गर्दीच्या दिवसांत आम्ही जादा गाडी आधीच सोडायचो.”

“चांगदेवराव, ही चतुर्थी आहे. बोर्लीची बस नव्हे,” भाऊ म्हणाले.

“मग चुलतभावाकडे पाठवा. कनेक्टिंग.” मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “नाहीतर लांबचं एखादं सुतक... बडोद्याच्या काकू बऱ्याच थकल्यात म्हणे.” पद्माबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तसे ते उठले आणि चपला न घालताच घरी गेले.

भाऊंना आता एकच मार्ग दिसत होता, तो म्हणजे अर्ज. त्यांनी सहल कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. पहिल्या पानावर चांद्र आणि सौर वर्षांतला फरक, दुसऱ्या पानावर तारीख दहा दिवस पुढे नेण्याची विनंती. उत्तर आलं की धार्मिक कारण असल्यास सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. भाऊ दाखला काढायला तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली.

“कशाचा दाखला पाहिजे?”

“गणपती एकोणीस सप्टेंबरला येतात, याचा.”

कारकुनाने विचार केला. “उत्पन्नाचा देता येतो. रहिवासाचा देता येतो. रहिवासी आहेत का ते इथले?”

“दोनशे वर्षं येतायत आमच्याकडे.”

“सलग?”

“दरवर्षी पाच दिवस.”

कारकुनाने कागदावर गुणाकार केला. “म्हणजे हजार दिवस. तीन वर्षंसुद्धा भरत नाहीत हो, भाऊ. रहिवासाला पंधरा लागतात.”

भाऊ परत आले ते हिशेब चुकलेला माणूस जसा चालतो तसे, पायांकडे बघत. हेतलने मुंबईला फोन लावून शेवटचं सांगितलं: “नाव बदलून देतील. तारीख नाही बदलणार.”

त्या संध्याकाळी भाऊ म्हणाले, “आपण त्याच्या पुढल्या वर्षी जाऊ.”

पद्माबाई उठल्या. त्यांनी ताटं घेतली, वाढलं, झाकपाक केली. ‘पुढल्या वर्षी’ हे शब्द त्यांनी स्वतःच इतक्या वेळा वापरले होते, मुलाच्या, देवव्रतच्या दहावीला, सासूबाईंच्या आजारपणात, वाडीत वादळ घुसून पोफळी झोपल्या त्या वर्षी, की त्यांची चव त्यांना पाठ होती. आता वय एकोणसत्तर. उजवा गुडघा चढाला कुरकुरू लागला होता. पुण्याहून देवव्रतने फोनवर समजूत घातली, “आई, मोबाइलवर इतकं स्वच्छ दिसतं, तिथे जाऊन धूळच खायची.” पद्माबाई म्हणाल्या, “तुझं लग्न मोबाइलवर बघितलं असतं तर चाललं असतं का रे?” आणि फोन ठेवला.  त्यांना खात्री वाटत होती की यंदा राहिलं तर राहिलंच.

संक्रांतीला कमळ आली. पद्माबाईंची पहिली नोकरी पेणकडच्या एका खाडीकाठच्या गावात होती. दोन वर्षं त्या धर्मा आगऱ्याच्या घरी राहिल्या होत्या. धर्माची मिठागरं होती आणि कमळ त्याची लेक, बाईंच्याच वयाची. मिठागरं गेली, कमळच्या घरी ट्रक आले, मुलगा प्रणय त्यांचा धंदा बघू लागला. पण दर संक्रांतीला कमळ खड्याच्या मिठाची गोण घेऊन यायची ती यायचीच. तिने आल्या आल्या दोघांची तोंडं पाहिली.

“कोण मेलंय?”

“कुणी नाही,” भाऊ म्हणाले. “अधिक महिना आलाय.”

सगळी हकीकत ऐकून कमळ म्हणाली, “मंग हिला जाऊ दे. तुम्ही ऱ्हावा.”

भाऊ ताठ बसले. “गौरीच्या दिवसांत घरची बाई घराबाहेर, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही.”

हे वाक्य भाऊंनी बोलायला नको होतं. तोवर पद्माबाईंच्या मनात एकटीने जायचा विचारच आला नव्हता. त्यांनी तिळाची वडी ताटलीत परत ठेवली.

“गौर तीन दिवस येते ती कुठून येते हो? स्वतःचं घर सोडूनच येते ना? तिच्या मागे कैलासावर भांडी कोण घासतं, हे तुमच्या घराण्यात कधी कुणी विचारलंय?”

भाऊ कॅलेंडराकडे बघू लागले. तिथीचा प्रश्न असता तर उत्तर होतं.

“शंकर घासत असंल,” कमळ म्हणाली. “जटा बांधून.”

“आणि मोदक?” भाऊंनी शेवटचा खडा टाकून पाहिला. “उकडीचे मोदक कोण करणार?”

“शिका. दोन श्रावण हायत ना यंदा? तुमची जागा मना द्या. माझा पासपोर्ट हाय. दुबईला गेलती मी प्रणयसंग.”

कमळ आपल्या आधी परदेशी जाऊन आली, आणि आपण चौतीस वर्षं तिला अक्षांश-रेखांश सांगत बसलो, ही गोष्ट पद्माबाईंना दोन दिवस बोचली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेतलला नाव बदलायला सांगितलं.

अधिक श्रावण लागला तशी भाऊंची शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी उकडीत पाणी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी मोदक झाले, पण त्यांना चार-चारच कळ्या होत्या आणि ते समोशासारखे दिसत होते. सुपारी कातरून तयार झालेला हात, त्याला चिमूट हलकी धरणं जमेना. आळीतल्या बायका मीठ-मिरची मागायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकावून जात. एवढं मीठ त्या महिन्यात आळीत कुणी खाल्लं असतं तर सगळी आळी डॉक्टरकडे दिसली असती. पद्माबाई पाटावर बसून हातात पट्टी नसतानाही असल्यासारख्या सूचना देत.

“अंगठा आत. चिमटा बाहेर. सगळ्या कळ्या एका उंचीच्या. हा काय डोंगर केलात?”

“सह्याद्री आहे,” भाऊ चिडून म्हणत. “तुझाच विषय.”

रोज फुटलेले मोदक चांगदेवांकडे जात. ते खाऊन चांगदेव रोज शेरा पाठवत: ‘गाडी उशिरा, पण सुटली.’ निज श्रावणाच्या नागपंचमीला भाऊंनी अकरा कळ्यांचा मोदक केला. तो त्यांनी खाल्ला नाही. दिवसभर ताटलीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. गौरीचे खडे आणायचं काम चांगदेवांच्या नातीने, भाविकाने घेतलं. कारण ते काम न बोलता करायचं असतं आणि भाऊंच्या हातून ते झालं नसतं, याबद्दल पहिल्यांदाच सगळ्या आळीचं एकमत झालं.

सल्ल्यांना मात्र खळ नव्हता. सिंह दिसला तर पळू नये, बसावं. बसू नये, हात वर करावेत. कोकमं न्या, सुंठ न्या, मच्छरदाणी न्या. काळूराम गणवेशात येऊन सांगून गेला, “बाई, काय वाटलं तर मला फोन करा.” आफ्रिकेत काय वाटल्यावर काळूराम काय करणार होता हे पद्माबाईंनी विचारलं नाही. मुंबईला जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली. सुई बघून कमळने शिव्या दिल्या त्या डॉक्टरला कळल्या नाहीत, हे भाग्य.

सोळा सप्टेंबरला सकाळी प्रणय कमळला बसवून गाडी घेऊन आला आणि मग जे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं ते समोर उभं राहिलं. गणपतीला तीन दिवस उरलेले. सगळी मुंबई कोकणात उतरत होती. माणगावच्या अलीकडे महामार्ग दिसला तेव्हा प्रणयने गाडीच बंद केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फक्त येणारी वाहनं होती. बस, टेम्पो, मोटारी, टपांवर मखरं, खिडक्यांतून पाय, मांडीवर झाकलेल्या मूर्ती. मुंबईकडे जायला एक बोटभर वाट नव्हती.

“मावशी, इथून रात्र व्हईल,” प्रणय म्हणाला. “मागं फिरू. दिघीवरून बोट.”

दिघीच्या धक्क्यावर पलीकडच्या आगरदांड्याहून फेरीबोट येत होती ती काठोकाठ भरून. तिच्यातून गाड्यांमागून गाड्या धडधडत उतरल्या आणि प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या काचेतून एक डोकं बाहेर आलं, कारण प्रत्येक दुसऱ्या गाडीत बाईंचा एक विद्यार्थी होता.

“बाई, तुम्ही उलट्या कुठे?”

“आफ्रिकेला.”

“नाही, खरंच, कुणाचं काही बरंवाईट...?”

“अरे, आफ्रिकेला चाललेय. गाडी पुढे घे, मागचे खोळंबलेत.”

एकाचाही विश्वास बसला नाही. एकाने तर गाडी बाजूला घेऊन, हात धरून, गंभीरपणे सांत्वन केलं. रिकाम्या बोटीत चढलेली गाडी त्यांची एकच. कठड्याला टेकून पद्माबाईंनी मागे पाहिलं. गाव आपल्याशिवाय भरत चाललं होतं.  “परत जाऊ या का गं?” त्या म्हणाल्या.

“जा की पोहत,” कमळ म्हणाली आणि तिने भाकरीचं फडकं सोडलं.

आफ्रिकेतले पहिले एक-दोन दिवस हत्तींचे, जिराफांचे आणि कमळच्या झोपेचे. उघड्या टपाच्या जीपमध्ये ती बसल्या बसल्या घोरायची आणि तिच्या घोरण्याने एकदा चित्ता उठून गेला अशी बरोबरच्या मुंबईकरांची तक्रार होती. एकोणीसला दुपारी फोन लागला. पलीकडे आरतीच्या झांजा आणि भाऊ.

“एकवीस केले. एकही फुटला नाही.”

“कळ्या किती?”

“तेरा,” भाऊ म्हणाले. “आणि तुझी नदी?”

“अजून नाही.”

नदी होती, पण ओलांडणारं कुणी नव्हतं. एकोणीसला जनावरं काठापर्यंत आली, हजारोंनी उभी राहिली, चार तास एकमेकांकडे बघितलं आणि परत गेली. वीसलाही तेच. एकवीसची सकाळ ही शेवटची. दुपारी परत निघायचं होतं. पुन्हा कळप जमला. दरडीच्या कडेला काळ्या ठिपक्यांची गर्दी, मागे क्षितिजापर्यंत धूळ. पंधरा-वीस जीपा उताराच्या नेहमीच्या जागेसमोर रांगेने उभ्या. दहा वाजले, अकरा वाजले. पुढची जनावरं पाय टाकत आणि मागे घेत. पद्माबाई कठडा धरून उभ्या होत्या. गुडघा ठणकत होता, पण बसावं तर तेवढ्यात काही झालं तर, म्हणून त्या बसत नव्हत्या. मुंबईकरांनी डबे उघडले. चालकाने घड्याळ दाखवलं.

कमळ जागी झाली. तिने नदीकडे पाहिलं, मग दरडीकडे, आणि म्हणाली, “इथनं न्हाय उतरायची ती.”

“का गं?”

“तो बांध खालून खाल्लाय पाण्यानं. वरून धड दिसतो, आतून पोकळ. आमच्या मिठागराचा असा व्हायचा तवा म्हशी पाय लावायच्या आन् मागं फिरायच्या. बापाला आधी म्हशींकडनं कळायचं, मंग तो चिखल घेऊन धावायचा.” तिने हात लांब केला. “तिथं बघ. झाड पडलंय त्याच्या पलीकडं. घट्ट हाय, उतार हाय. तिथं जायला सांग त्याला.”

पद्माबाईंनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत ते चालकाला सांगितलं. तो हसला, पंधरा वर्षं तो याच जागी गाडी लावत होता. पद्माबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ती नजर आफ्रिकेतही चालते हे तेव्हा कळलं. त्याने गाडी सुरू केली. मुंबईकर म्हणाले, आता तेवढंही जाणार.

पडलेल्या झाडाच्या पलीकडे जीप थांबली. दहा मिनिटं गेली. मग कळपाची एक कड त्या बाजूला सरकली, एक म्हातारं जनावर दरडीवरून वाकलं, पाय लावून बघितला, आणि उतरलं. त्याच्यामागे दुसरं. मग मोजणी संपली. दरड वितळल्यासारखी जनावरं खाली वाहू लागली. पाणी दिसेनासं झालं, फक्त शिंगं आणि वर काढलेल्या माना, आणि हंबरणं असं की पायाखालची गाडी थरथरे. एका सुसरीने एक ओढलं. एक आई अर्ध्या पाण्यातून मागे वळली, वासरू सापडेपर्यंत प्रवाहात आडवी उभी राहिली आणि त्याला घेऊन पार झाली.  फळ्यावरचा बाण किती बारीक ओढत होतो आपण, एवढंच पद्माबाईंना सुचलं.

अर्धा तास ते चाललं. पैलतीरी पोचलेली जनावरं ओली, धापा टाकणारी. पण चढ चढून गेली की त्यांनी माना खाली घातल्या आणि ती सरळ चरायला लागली. मागे वळून कुणी पाहिलंसुद्धा नाही.

“एवढं जिवावरचं करून आली,” पद्माबाई म्हणाल्या, “आणि बघ, लगेच चरायला लागली.”

“मंग काय करतील?” कमळ म्हणाली. “पेढे वाटतील?”

पद्माबाई हसू लागल्या ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा धुळीने चिकटला, आणि कमळने पदराने तो पुसून दिला, मग पुन्हा डोळ्यांवर ठेवला, कारण अजून जनावरं येत होती.

पुढचं थोडक्यात. त्या चालकाने आता पडलेल्या झाडाकडे गाडी लावायचं ठरवलंय, असं हेतलला मुंबईकडून कळलं. हेतलने कुकर अर्ध्या दुकानातून हलवून पाव दुकानात नेले आणि बाकी जागेत गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या मांडल्या. काळूरामला बढती मिळाली. पेढे घेऊन आला आणि या खेपेला बाई बस म्हणायच्या आधी बसला. चांगदेव कुठेही न जाता आफ्रिकेवर बोलतात आणि लोक त्यांचंच जास्त ऐकतात. देवव्रत आता दर गणपतीला एक दिवस आधी येतो आणि वडिलांच्या हाताखाली उकड मळतो. भाऊंनी स्वयंपाकघराचा तो कोपरा परत दिला नाही. पंधरा कळ्यांपर्यंत गेले आहेत. पद्माबाईंना नारळ खवण्यापुरतं आत घेतात. कमळचे गुडघे पार गेले. ती घरीच असते, पण फोनवर प्रत्येकाला सांगते की आफ्रिकेत तिच्याशिवाय कुणाला काही दिसलं नसतं, आणि ते खरंच आहे.

पद्माबाई परत आल्या तेव्हा ओटीवर जागा मावत नव्हती इतकी माणसं ऐकायला आली. पहिल्यांदा हकीकत दोन तास चालली. मग तासावर आली, दिवाळीपर्यंत दहा मिनिटांवर. आता कुणी विचारलंच तर त्या म्हणतात, “गुरं होती. नदी उतरून गेली.” आणि हातातल्या कामाकडे वळतात. पण कधीमधी दुपारी भाऊ झोपलेले असतात, वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं असतं, आणि पोफळीच्या बुंध्याशी बसून पद्माबाई ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःला सांगतात. तिच्यातलं एकही जनावर त्या गाळत नाहीत.